रात्री दोनची पुस्तकं

प्रश्न: वय ४३, राहणार कोथरूड. पाच महिन्यांपूर्वी आई गेली. अर्धांगवायूनंतर पावणेदोन वर्षं ती अंथरुणावर होती आणि तिचं सगळं मीच केलं. ती गेल्यापासून मी मोबाइलवर कादंबऱ्या वाचत सुटले आहे. साठाच्या वर झाल्या असतील, बहुतेक खुनाच्या आणि तपासाच्या. रात्री दोनला जाग येते ती उजाडेपर्यंत वाचते. आईसाठी मी अजून एकदाही नीट रडलेले नाही, पण मागच्या महिन्यात एका कादंबरीतला म्हातारा कुत्रा मेला तर हुंदके देऊन रडले. त्याची लाज वाटते. ताई म्हणते, 'तू पळ काढतेयस, एकदा रडून घे.' नवरा म्हणतो, फोन बंद ठेव. आईने शेवटचं मागवलेलं वाचनालयाचं पुस्तक अजून तिच्या कपाटात आहे. ते उघडवत नाही, परतही करवत नाही. मी पळतेय का? वाचन बंद करू का?

उत्तर:

बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आज रात्री फोन हातात घेताना निदान चोरी केल्यासारखं वाटणार नाही.

ताईंच्या 'पळ काढण्या'कडे नंतर येते. आधी घड्याळाकडे बघू. इथे तुमचा प्रश्न थोडक्यात दिलाय, पण मूळ पत्र चार पानांचं आहे, आणि त्यात एक ओळ तुम्ही अगदी सहज लिहून पुढे गेला आहात: 'दहाला, बाराला, दोनला, चारला कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात.' अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्याच पत्रात दीड पानानंतर येतं: 'रात्री दोनला जाग येते.' या दोन ओळी तुम्ही एकमेकींशेजारी ठेवून पाहिलेल्या नाहीत. मी ठेवल्या.

पावणेदोन वर्षं म्हणजे सहाशेच्या वर रात्री. एवढ्या रात्रींत शरीर गजराशिवाय उठायला शिकतं. आई गेली हे तुम्हाला कळलं, नातेवाइकांना कळलं, महापालिकेच्या दाखल्यावर त्याची नोंद झाली. शरीराला मात्र कुणी कळवलेलं नाही. ते दोनला उठतं, कानोसा घेतं आणि हाताला काम शोधतं. काम नसतं, म्हणून त्या हातात फोन येतो. मला यात पळणारी बाई दिसत नाही. मला रात्रपाळीवरची बाई दिसते, जिला कुणी 'आता घरी जा' असं सांगितलेलं नाही, आणि पाळीवर जागं राहायला तिला काहीतरी लागतं.

रडण्याबद्दलही थोडं याच अंगाने. दीर्घ आजारात सेवा करणाऱ्याचं दुःख हप्त्याहप्त्याने आधीच होत आलेलं असतं. आईंची वाचा गेली त्या दिवशी एक हप्ता. त्यांनी तुम्हाला ताईंच्या नावाने हाक मारली (हेही तुम्ही लिहिलंय) त्या दिवशी आणखी एक. शेवटच्या दिवसासाठी फार शिल्लक उरत नाही. उरते ती एक भावना, जिला आपल्या भाषेत नीट जागा नाही. गेलेल्या माणसाबद्दल आपण उघडपणे 'सुटली बिचारी' म्हणतो, चार लोक मान डोलावतात. पण जिने केलं तिला 'मी सुटले' म्हणायची सोय नाही. तुम्ही ते पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. मला इतक्या वर्षांत सेवा केलेली अशी लेक किंवा सून क्वचितच भेटली, जिच्या मनात ते वाक्य एकदाही आलं नव्हतं. आलं असेल तर येऊ दे. त्या वाक्यावर झाकण ठेवायला माणसं जे जे करतात, त्यात रात्रभर वाचणं हा बराच सौम्य प्रकार आहे.

आता खुनाच्या कादंबऱ्याच का? लोक मला हे जरा ओशाळून विचारतात. घरात मृत्यू झालाय आणि वाचतोय काय, तर प्रेतं! पण तपासकथेत मेलेल्या माणसाला काय मिळतं ते बघा. तो पहिल्या वीस पानांत मरतो आणि उरलेली तीनशे पानं कुणीतरी त्याला गांभीर्याने घेतं. शेवटचं कुणी पाहिलं, खिशात काय सापडलं, चहाचा कप कुठे ठेवलेला होता, एकूण एक गोष्ट महत्त्वाची. खऱ्या घरात चौदाव्या दिवशी लोक क्रिकेटवर बोलायला लागतात. तेराव्याचे लाडू संपायच्या आत 'आता पुढचं बघा' सुरू होतं. तीनशे पानं एका मेलेल्या माणसाशिवाय दुसरा विषय नाही, ही चैन शोकातल्या माणसाला कादंबरीखेरीज कुठे मिळणार?

शिवाय तिथे शेवटी कारण सापडतं. खऱ्या मृत्यूला दाखल्यावरचं कारण असतं, पण मनाला हवं असतं ते वेगळंच. डॉक्टरांना अर्धा तास आधी फोन केला असता तर? त्या रात्री आपला डोळा लागला नसता तर? हा जर-तरचा तपास तुमच्या डोक्यात चालू आहे का, ते एकदा तपासा. असेल, तर ताईंना जे पळणं वाटतंय त्यापेक्षा हे जास्त मोठं पळणं आहे, कारण बाहेरून ते पळण्यासारखं दिसतच नाही. उलट माणूस सारखा गेलेल्याचाच विचार करतोय असं वाटतं. तपास चालू आहे तोवर फाइल बंद करावी लागत नाही, आणि फाइल बंद झाली नाही तोवर माणूस पुरता गेलेला नसतो. रात्रभर दुसऱ्याचा खून सोडवत बसणाऱ्यापेक्षा रात्रभर छताकडे बघत हा तपास करणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

आर्थर कॉनन डॉइल यांची गोष्ट मी या संदर्भात नेहमी सांगते. शेरलॉक होम्स लिहून लिहून ते कंटाळले आणि १८९३ मध्ये त्यांनी त्याला धबधब्यात ढकलून मारून टाकलं. वाचक भडकले. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, डॉइलनी त्याला जिवंत परत आणलं. म्हणे तो पडलाच नव्हता. कागदावर एवढं सोपं असतं. मग पहिलं महायुद्ध आलं. त्यांचा मुलगा किंग्सली लढाईत जखमी झाला आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये, फ्लूची साथ ऐन भरात असताना, न्यूमोनियाने गेला. चार महिन्यांत भाऊही गेला. प्लँचेटचा ओढा डॉइलना आधीपासून होता. पुढे १९३० मध्ये मरेपर्यंत ते देशोदेशी फिरून मृतांशी बोलता येतं हे लोकांना पटवत राहिले. तर्काचा सर्वांत प्रसिद्ध पुतळा ज्याने घडवला तो माणूस अंधाऱ्या खोलीत बसून मुलाच्या आवाजाची वाट बघत होता. मी हे त्यांना हसायला सांगत नाही. होम्सला परत आणणारा हात मुलाला परत आणू शकत नव्हता, आणि हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला कळलं असेल? तुमचं पळणं पहाटे पाचला दूधवाल्याच्या बेलने थांबतं. प्रमाण लक्षात घ्या, एवढंच.

कुत्र्याची लाज मात्र सोडा. एमएला मराठी घेतलेल्या कुणालाही 'साधारणीकरण' हा शब्द ऐकून साहित्यशास्त्राचा पेपर आठवून घाम फुटेल, पण शब्द कामाचा आहे. संस्कृत साहित्यशास्त्रातल्या भट्टनायकाने ती कल्पना मांडली, अभिनवगुप्ताने पुढे नेली, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नाटक बघताना जो शोक आपल्याला होतो तो धड माझा नसतो, धड त्या पात्राचाही नसतो. त्याच्यावर कुणाचं नाव नसतं. आणि नाव नसतं म्हणूनच तो पुरता भोगता येतो. आईच्या दुःखावर नावं किती आहेत बघा: तुमचं, ताईंचं, सेवा कमी पडली का याचं, दागिन्यांच्या वाटणीचं, वहिनी दोनदाच आल्या त्याचं. त्या दुःखाकडे जायचं तर या सगळ्यांच्या मधून वाट काढत जावं लागतं. कुत्र्याकडे जाणारा रस्ता रिकामा होता, म्हणून तुमचं रडू तिथून बाहेर पडलं.

या बाबतीत भवभूतीइतकं नेमकं मला आमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत फार थोडं सापडलं. त्याच्या 'उत्तररामचरित' या संस्कृत नाटकातला राम सीतेला सोडल्यापासून बारा वर्षं राजा म्हणून तोंड मिटून आहे. बंद मडक्यात भट्टीत ठेवलेल्या औषधासारखं त्याचं दुःख आहे: वरून काही दिसत नाही, आत शिजतंय. तिसऱ्या अंकात तो एकदाचा मोडून रडतो, तेव्हा तमसा नदी म्हणते की तलाव काठोकाठ भरला की पाणी सोडणं हाच त्याच्यावर इलाज, शोकाने खळबळलेलं हृदयही विलापानेच तग धरतं. हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण वैतागतो. पण विसर्गच झाला नाही तर काय होतं, हे ज्यांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला त्यांना विचारावं. आणि त्याच नाटकाचा शेवट? सातव्या अंकात वाल्मीकी रामाला बसवून एक नाटक दाखवतात. सीतेचंच. आयुष्यात जे त्याने पाहिलं नाही, ते तो रंगमंचावर बघतो आणि कोसळतो. ती खरी सीता त्याला भेटते ते त्यानंतर. म्हणजे नाटकातल्या रामालासुद्धा आपल्याच दुःखापाशी पोचायला नाटक लागलं.

आपल्या रीतींतही गोष्ट आहेच, आपण तिला गोष्ट म्हणत नाही इतकंच. सुतकाच्या दहा दिवसांत अनेक घरांत गरुडपुराण वाचतात. वैतरणी, यममार्ग, कुठल्या दिवशी आत्मा कुठवर पोचला, हे सगळं ऐकवतात. मी श्रद्धेच्या वादात जात नाही. मला दिसतं ते एवढंच की घर सुन्न असताना कुणीतरी रोज संध्याकाळी येऊन गेलेल्या माणसाच्या प्रवासाची क्रमशः कथा वाचतो आणि घरचे मांडी घालून ऐकतात. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर किंवा वैकुंठ स्मशानभूमीत पिंड ठेवला की कावळ्याची वाट बघणं सुरू होतं. कावळा येत नाही. मग थोरला पुढे होऊन हात जोडून म्हणतो, 'धाकट्याचं शिक्षण मी पूर्ण करीन.' तरी येत नाही. मग कुणीतरी मागून हळूच, 'आईंची मांजर आम्ही सांभाळू.' आणि कावळा झेपावतो. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. अडलेल्याला सोडवायचं कसं, हे ठरवायला आपण सगळे तिथे उभे राहून गेलेल्या माणसाच्या मनातली गोष्ट रचतो. गंमत म्हणजे तिथे कुणी कुणाला 'पळ काढतोयस' म्हणत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ज्यांची माणसं गेली त्यांना यातलं बहुतेक काही मिळालं नाही. पिशवीत बांधलेला देह, लांबून नमस्कार, कधी तोही नाही. त्यातले काही लोक पुढे माझ्याकडे आले, आणि माझ्या ध्यानात आलं की त्यांतले बरेच जण कादंबरीतले मृत्यूचे प्रसंग पुन्हा पुन्हा वाचत होते. हातात हात आहे, शेवटचा शब्द आहे, डोळे मिटवणारं कुणी आहे. हा कादंबरीचा मोठा खोटेपणा आहे, हेही सांगते. खरी माणसं शेवटचं वाक्य बोलून जात नाहीत. अर्धांगवायू झालेली तर नाहीतच. तुमच्या आई काही 'सांगून' गेल्या नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटत असेल, तर त्यातला थोडा दोष तुमच्या साठ पुस्तकांना द्या.

आता माझी चूक. वीसेक वर्षांपूर्वी, व्यवसायात नवी असताना, एक निवृत्त गृहस्थ यायचे. तपशील बदलून सांगते. पत्नी गेल्यावर ते अप्पा बळवंत चौकातून आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा शोधून शोधून आणत. दिवसाला दोन. मी पुस्तकी उत्साहात त्यांना सांगितलं की हे टाळणं आहे, पंधरा दिवस वाचन बंद ठेवा आणि दुःखाला सामोरे जा. गुणी विद्यार्थ्यासारखं त्यांनी बंद केलं. मग माझ्याकडे यायचंही बंद केलं. वर्षभराने त्यांची मुलगी भेटली. ती म्हणाली, 'मॅडम, बाबा दुपारी आईला वाचून दाखवायचे ते. तीस वर्षं. आई पोळ्या करता करता खुनी कोण ते आधीच सांगायची.' मी कधी विचारलंच नव्हतं की ते मनात वाचतात की मोठ्याने. रिकाम्या स्वयंपाकघरात ते मोठ्याने वाचत होते. तेव्हापासून कुणीही वाचतो म्हणालं की मी आधी विचारते: कुठे बसून, कुठल्या वेळी, आवाज काढून का?

तेव्हा माझ्या डोक्यात त्या पाच पायऱ्या होत्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. त्या कुठेही सापडतात, व्हॉट्सॲपवरसुद्धा. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचं वेळापत्रक म्हणून नव्हे. मागे राहिलेल्यांसाठी मला जास्त खरं वाटतं ते नेदरलँड्सच्या मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट यांचं १९९९ मधलं म्हणणं. शोकातला माणूस झोक्यासारखा असतो: एकदा दुःखाकडे, एकदा रोजच्या जगण्याकडे, गॅसचा नंबर लावणं, मुलाचा डबा. हे येणं-जाणं म्हणजेच शोक. त्यात दुःखापासून सुट्टी घेणं धरलेलंच आहे. झोका एका टोकाला अडकला की काळजी, मग ते टोक कुठलंही असो. सदासर्वकाळ रडणाराही अडकलेला असतो.

ताईंना हे वाचायला द्या हवं तर. त्या रडतात, तुम्ही कामं करता. शोकाच्या या दोन तऱ्हा आहेत आणि घरोघरी एकाच आईच्या दोन मुलींत त्या वाटून गेलेल्या मी पाहिल्यात. ताईंच्या 'रडून घे'मध्ये आज्ञा कमी आणि 'मी एकटीच रडतेय' ही तक्रार जास्त असावी. आणि एक शंका, चुकीची असेल तर सोडून द्या: रात्री दोनला कूस बदलायला त्या नव्हत्या. त्यांच्याकडे ती सहाशे रात्रींची थकबाकी वेगळ्या रूपात असेल.

तर पळताय की नाही, हे ओळखायचं कसं? किती वाचता यावरून मुळीच नाही. मी लोकांना कुठे मिटता ते टिपायला सांगते. एक छोटी वही घ्या. दहा रात्री, पुस्तक ज्या क्षणी बंद केलंत किंवा भराभर पानं सरकवलीत तिथे एक ओळ: किती वाजले, गोष्टीत काय चाललं होतं. कारण लिहायचं नाही, विश्लेषण नाही. एकजण गोष्टीत दवाखान्याचा जिना आला की पुस्तक मिटायची, दर वेळी, आणि तिला पत्ताच नव्हता. एका मुलाचा भाऊ अपघातात गेला होता. तो मारामाऱ्या, रक्त सगळं निवांत वाचायचा आणि पात्राच्या आईचा फोन आला की पुस्तक फेकायचा. ज्या पानावर आपण मिटतो तिथे आपलं काहीतरी ठेवलेलं असतं. दहा दिवसांनी वही दिवसाउजेडी, चहा घेत वाचा.

त्या कुत्र्यापाशी तुम्ही मिटलं नव्हतंत, हे तुमच्या लक्षात आलंय का? तिथे थांबलात, शेवटपर्यंत. म्हणून एक गृहपाठ: ते पान शोधून एकदा दुपारी वाचा. कुत्रा म्हातारा होता हे तुम्ही लिहिलंत. त्याला उठता येत होतं का? कुणी त्याला उचलून वळवत होतं का, पाणी पाजत होतं का? मी ती कादंबरी वाचलेली नाही. पण मला अंदाज करायला सांगितलात तर मी पैज लावीन.

रात्री दोनचं असं करा. जाग आली की अंथरुणात पडून वाचू नका. उठा, आईंची कॉट होती तिथे जा, दिवा लावा. एक ग्लास पाणी घ्या. त्यांना पाजायचात तसं, आता तुम्ही प्या. बोलवत असेल तर बोला, 'आई, झालं आता, झोप.' हे वेडेपणाचं वाटेल. पण शरीराला कळवायचं तर ते त्या वेळी, त्या जागी, त्या हालचालीनेच कळवावं लागतं, सकाळी दहाला माझ्या खोलीत बसून ते होत नाही. मग खुर्चीत बसून वाचा, डोळे जडावले की पलंगावर. सकाळी उठायची वेळ मात्र ठरलेली ठेवा, कितीही कमी झोप झाली तरी. आणि दोनच्या वेळेपुरता फोन नको. नवऱ्याचं तेवढं बरोबर आहे, कारण वेगळं आहे: फोनवर एक पुस्तक संपलं की पुढचं आपोआप उभं राहतं, संपणं असं काही उरतच नाही. कागदावरच्या कथा वाचा, आठ-दहा पानांच्या. संपलेली एक गोष्ट हातात धरून बसायची सवय सध्या तुम्हाला हवी आहे.

दिवसा पायी वाचनालयात जा. पुण्यात त्याची वानवा नाही. नगर वाचन मंदिर १८४८ चं, मराठी ग्रंथालय १९११ चं, शिवाय पेठापेठांतली छोटी. काउंटरवरच्या माणसाशी दोन वाक्यं बोलावी लागतात, पुस्तक परत करायची तारीख असते. तारीख असलेली पुस्तकं आत्ता तुम्हाला बरी.

थोडं सावधगिरीचंही सांगते, कारण ते सांगणं माझं काम आहे. पाच महिने हा काळ काहीच नाही. आजार म्हणून ज्या लांबलेल्या शोकाची नोंद होते त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने आणि अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या नियमांत प्रौढांसाठी किमान बारा महिने धरलेत. आणि तेही नुसते महिने मोजून ठरत नाही, रोजची असह्य ओढ आणि कोलमडलेलं रोजचं जगणं दोन्ही लागतं. तुम्ही ऑफिसला जाताय, जेवताय, मुलाच्या परीक्षेची काळजी करताय. पण आईकडे जावंसं वाटू लागलं, म्हणजे मरावंसं, किंवा झोपेसाठी गोळ्या-दारूचा आधार घ्यावा लागला, किंवा दिवसाही पुस्तकाबाहेर येववेना आणि कामं बुडू लागली, तर उत्तर-पत्रोत्तर नको. सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मध्यरात्र असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

राहिलं कपाटातलं पुस्तक. साठ वाचलीत आणि ते एक नाही, तेव्हा तुमच्या सगळ्या वाचनाचं मिटलेलं पान तेच आहे असं मी धरून चालते. घाई नको. दहा रात्रींची वही झाली की एखाद्या रविवारी ताईंना बोलवा आणि दोघी मिळून ते बाहेर काढा. वाचायचं नाही, फक्त खूण कुठे आहे ते बघायचं. आईंच्या पिढीतली माणसं खुणेला काहीही ठेवतात, पीएमटीचं जुनं तिकीट, वाण्याची यादी, औषधाच्या पट्टीचा तुकडा. वाचा गेल्यावर त्या वाचत होत्या का, की तुम्ही नुसतं उशाशी ठेवत होतात, हे पत्रातून मला कळलेलं नाही. खुणेवरून तुम्हाला कळेल. त्या पानापासून पुढची दोन पानं ताईंनी मोठ्याने वाचावीत, तुम्ही ऐकावीत. इतके दिवस जागं राहणं तुमच्याकडे होतं, हे त्यांच्याकडे असू दे. नंतर परत करायला दोघी जा. दंड झाला असेल तो भरा, आणि सभासदत्व आईंच्या नावावरून तुमच्या नावावर करता येतं का ते काउंटरवर विचारा.